पेन्सिलीची फुली

"शैलाताई, तुमच्या नावावर एक टेलिफोनचं बिल थकलेलं दिसतंय," बँकेतल्या घाडगे मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडं वळवला.

शैला हसली. शैला म्हणजे माझी धाकटी बहीण. "माझ्या नावावर? मॅडम, माझ्या नावावर आजवर साधी सायकल नाही. म्हणून तर घर घ्यायला निघालेय."

मी हसलो नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर तिची फाइल घेऊन बसलो होतो. फाइल मीच लावली होती. पगाराच्या स्लिपा, पासबुकाच्या झेरॉक्स, फ्लॅटचं साठेखत, सगळं तारीखवार. मी तेव्हा कोर्टात सीनियर क्लार्क होतो. घरात, गल्लीत, पाहुण्यांत कुणाचाही अर्ज असला की तो माझ्याकडं यायचा. माझा मसुदा कुठल्या ऑफिसातून परत आलेला नाही, हे मी लोकांना न विचारता सांगायचो. सांगताना आवाजसुद्धा थोडा मोठा करायचो.

"अठराशे चाळीस रुपये," मॅडम म्हणाल्या. "कनेक्शन घेतलंय नोव्हेंबर दोन हजार नऊला. अकरा सालापासून थकीत. कंपनीनं शेवटी बुडीत म्हणून लिहून टाकलंय."

"अठराशे रुपयांसाठी नऊ लाखांचं कर्ज अडवणार तुम्ही?"

"मी नाही अडवत हो ताई. या फोनच्या, इंटरनेटच्या कंपन्या थकबाकीदारांची नावं सिबिलला कळवतात. लोकांना वाटतं, घरातलं बिल आहे, राहिलं तर राहिलं. पण ते तुमच्या नावाला चिकटून राहतं. आमच्या हेड ऑफिसला बुडीत दिसलं की फाइल पुढं सरकत नाही. बाकी तुमचं काहीच वाईट नाही. हे एक नसतं तर मी आजच मंजुरीला पाठवली असती."

शैलानं माझ्याकडं बघितलं. मग मॅडमकडं. "एकतीस तारखेला साठेखताची मुदत संपतेय मॅडम. आज चौदा आहे."

त्या एकतीस तारखेमागं आठ वर्षं होती. नवऱ्याचं घर सोडल्यावर शैला दोन वर्षं आमच्याकडं राहिली आणि नंतर पाच भाड्याच्या खोल्यांत. दर ठिकाणी घरमालकीण पहिल्या आठवड्यात विचारायची, एकट्याच का? एका ठिकाणी तर संध्याकाळी सातनंतर कडी लावून घ्यायचे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पाळ्या करून तिनं पैसे साठवले आणि विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट ठरवला. खिडक्यांची मापं घेऊन झाली होती. एका रिपोर्टच्या पाकिटामागं तिनं ती लिहून ठेवली होती आणि ते पाकीट पर्समध्ये घेऊन फिरायची.

"तुमचे कागद कुणी वापरलेत का?" मॅडमनी विचारलं. "घरातलं कुणी? असं पुष्कळदा होतं."

टेबलाच्या कडेवर शैलाचं बोट फिरत होतं. मग ते थांबलं.

"विलास," ती म्हणाली. "माझा आधीचा नवरा. नऊ सालीच मी त्याचं घर सोडलं. माझे सगळे कागद दोन-तीन महिने त्याच्याकडंच होते. एकदा माझ्या नावावर हप्त्यानं मिक्सर उचलून आणला होता त्यानं, मला न विचारता. त्याचंच काम हे. काय रे दादा?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. दुसरं काही बोलायचा वाव नव्हता असं नाही. भरपूर होता.

मॅडमनी त्या रिपोर्टाची प्रिंट काढून टेबलावर ठेवली. खाली त्या कनेक्शनचा पत्ताही छापलेला होता. घर नंबर, गल्ली, मिरज. मी कागद सरळ करतोय असं दाखवून त्या ओळीवर पंजा ठेवला. मग घडी घातली आणि खिशात टाकला. "राहू दे माझ्याकडं, अर्जाला लागेल," मी म्हणालो.

"असं करा," मॅडम म्हणाल्या. "बिल भरून पावती आणा. आणि हे कसं झालं ते लेखी द्या. सिबिलवर दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, पण मी हेड ऑफिसला विनंती करून बघते. मात्र खरं काय घडलं ते लिहा, ताई. ते लोक विचारतात."

"अर्जाची काळजी नाही," शैला म्हणाली. "दादा आहे माझा."

बाहेर आल्यावर बँकेच्या पायऱ्यांवरच तिनं फोन लावला. पाच वर्षांपूर्वी घटस्फोटाच्या दिवशी शेवटचं बोलली होती ती त्याच्याशी. नंबर मात्र पाठ होता.

"विलास? मी शैला. मला एवढंच सांग, किती छळणार आहेस अजून?"

तिनं फोन स्पीकरवर टाकला. मी ऐकावं म्हणून. मी तिचा मोठा भाऊ ना, साक्षीला उभा.

"काय झालं?" विलासचा आवाज जाड झाला होता, पण घाबरल्यासारखा येत होता.

"माझ्या नावावर फोन घेतलास आणि बिल बुडवलंस. माझं कर्ज अडलंय त्याच्यामुळं. घर जातंय माझं."

"मी नाही घेतला."

"मिक्सरच्या वेळेला पण हेच म्हणालेला तू."

"तो मीच आणला होता. कबूल आहे." त्यानं घसा साफ केला. "शैला, मी तुझ्याशी पुष्कळ वाईट वागलोय. पण हे माझं नाही. आईशप्पथ."

"तुझी आई गेली बिचारी. तिला तरी सोड," शैला म्हणाली आणि बोलत सुटली. दारू, मारहाण, कोर्टाच्या तारखा, सगळं काढलं. पायऱ्या चढणारी माणसं वळून बघत होती. तो मधेच एकदा "बरं" म्हणाला आणि मग नुसतं ऐकत राहिला. तिनं फोन ठेवला तेव्हा तिच्या ओठांवर घाम होता.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "उसाचा रस पिऊ या, दादा."

मी रस प्यायलो. माझ्या रसाचे पैसे तिनंच दिले.

घरी आलो तर प्रमिला, माझी बायको, ओट्याशी बसून मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं. सांगताना शेवटी शेवटी माझा आवाज बारीक झाला असावा, कारण तिनं ताट बाजूला ठेवलं.

"ते आपलंच बिल ना?"

"हं."

"सांगितलंत का तिला?"

"सांगतो."

"म्हणजे नाही सांगितलंत."

"तिनं लगेच विलासचं नाव घेतलं. मला बोलायला..."

"आणि तुम्ही?"

प्रमिलानं पुन्हा ताट ओढलं. एक शेंग सोलली आणि म्हणाली, "फाइल माळ्यावर आहे. खाकी. वर तुमच्या अक्षरात नाव घातलंय."

ती फाइल मला माहीत नव्हती असं थोडंच आहे. दोन हजार नऊ साली मिरजेच्या भाड्याच्या घरात मी फोन आणि इंटरनेट घेतलं. एका खासगी कंपनीची योजना होती, बाईच्या नावावर कनेक्शन घेतलं तर बसवायचे पाचशे रुपये माफ. प्रमिलाच्या ओळखपत्रावर अजून माहेरचंच नाव आणि पत्ता होता, ते चालणार नव्हतं. शैला नुकतीच आमच्याकडं आली होती आणि तिचं नवं कार्ड मीच काढून दिलं होतं, झेरॉक्स माझ्याच ड्रॉवरमध्ये. पाचशे रुपये वाचत होते. मी फॉर्म भरला.

आमच्याकडं सहीची एक पद्धत होती. जिथं सही करायची तिथं मी पेन्सिलीनं बारीक फुली मारायचो. आईपासून प्रमिलापर्यंत सगळे त्या फुलीवर सही करायचे. शैला तर डोळे मिटून. आणि हीच शैला लॅबमध्ये रक्ताच्या नळीवरचं नाव दोनदा वाचते. बोट ठेवून, ओठ हलवत, एकदा वाचून झालं की पुन्हा पहिल्या अक्षरापासून. तिथले डॉक्टर तिची थट्टा करायचे. ती म्हणायची, "एका नळीवर चुकीचं नाव गेलं तर माणूस जातो." पण दादाचा कागद आला की चष्मासुद्धा काढायची नाही पर्समधून. त्या दिवशी ती कामावर निघाली होती, एक चप्पल पायात, एक हातात. मी फॉर्म पुढं केला. तिनं भिंतीला कागद टेकवून सही केली आणि गेली. कशाची सही, तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही मला.

अकरा साली माझी विट्याला बदली झाली. कनेक्शन बंद करायचा अर्ज मी दिला, त्याची पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कागद सोडणाऱ्यातला मी नाही. पण मोडेम मात्र त्यांच्या माणसाच्या हातात तसंच दिलं. दारात आला, घाईत होता, देऊन टाकलं. पुढच्या महिन्यात मोडेमचे पैसे धरून अठराशे चाळीसचं बिल आलं.

मी म्हणालो, दमडी देणार नाही. पैशाचा प्रश्न नव्हता, तत्त्वाचा होता. असं मी म्हणायचो. सात पत्रं लिहिली मी त्यांना, एकाहून एक. वसुलीवाल्यांचे फोन आले की कलमं फेकून त्यांना गप्प करायचो. हे किस्से मी दिवाळीत, बारशाला, जेवणाच्या पंगतीत रंगवून सांगायचो. सगळ्यांत जास्त हसायची शैला. "आमच्या दादाच्या नादाला कंपनी लागली," असं म्हणून ती ताटातला घास खाली ठेवून हसायची. ते बिल कुणाच्या नावावर होतं हे तिला कुठं माहीत होतं? नोटिसा यायच्या त्या तिच्या नावानं, माझ्या पत्त्यावर. मी फोडायचो आणि फाइलला लावायचो.

त्या संध्याकाळी मी माळ्यावरून फाइल काढली. चौथ्या नोटिशीत शेवटी एक ओळ होती, की बिल न भरल्यास आपल्या कर्जविषयक नोंदीवर परिणाम होऊ शकतो. त्या ओळीखाली मी लाल शाईनं रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, धमकी. अक्षर मोठं सुरेख आलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवर कॉलेजात जाण्याच्या वयाची एक मुलगी होती. तिनं पैसे घेतले, पावती दिली, सगळं दोन मिनिटांत. मी सात पत्रांचं काहीतरी सांगायला लागलो तर ती म्हणाली, "सर, पावती व्यवस्थित ठेवा. सिबिलला अपडेट व्हायला तीस ते पंचेचाळीस दिवस लागतील." एवढ्या वर्षांत त्या पैशांना कुणी तत्त्व म्हटलं असेल हे तिच्या गावीही नव्हतं.

घरी येऊन अर्ज लिहायला बसलो. विलासचं नाव घालून लिहिणं सोपं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. 'अर्जदारास असा संशय आहे की' एवढं लिहिलं की झालं. कोर्टात तीस वर्षं मी असल्या ओळी वाचल्यात आणि लिहिल्यात. तसा एक मसुदा लिहिलाही. प्रमिला चहा ठेवायला आली, तिनं उभ्याउभ्या वाचला आणि चहा न ठेवताच परत गेली.

मग तो फाडला आणि खरं लिहिलं. एक पान. घडलं तसं, तारखांसकट, माझ्या नावासकट. लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते. जणू सांगूनच टाकलं होतं मी तिला. खाली उजव्या कोपऱ्यात हात आपोआप गेला आणि पेन्सिलीनं फुली मारली.

सहाच्या सुमाराला शैला लॅबमधून थेट आमच्याकडं आली. पावती बघून खूश झाली. पर्समधून दोन हजाराची नोट काढून माझ्यापुढं धरली.

"असू दे," मी म्हणालो.

"का असू दे? त्या हरामखोराचं बिल तू का भरायचं? घे."

"राहू दे गं."

"तू आहेस म्हणून चाललंय माझं, दादा," ती म्हणाली. "आण, कुठं सही करू?"

मी अर्ज पुढं केला. तिनं पेन घेतलं. प्रमिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "शैला, वाच गं जरा आधी."

"वहिनी, तू पण. दादाचा कागद मी वाचायचा म्हणजे काय? मला ते अर्जातलं मराठी कळतं तरी का? सदर काय, उपरोक्त काय."

"तरी वाच."

शैलानं माझ्याकडं बघितलं. गमतीनं बघितलं. "वाचू का रे?"

तिथं मला एक शब्द पुरला असता. होय म्हणायचं होतं फक्त. मी म्हणालो, "बँकेत वाचतीलच."

तिनं फुलीवर सही केली. नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, त्या मापांच्या पाकिटाशेजारी. प्रमिला दारातून आत निघून गेली आणि शैला जाईपर्यंत बाहेर आली नाही.

सोळा तारखेला आम्ही पुन्हा घाडगे मॅडमच्या पुढ्यात बसलो. रात्रभर मी स्वतःला समजावलं होतं की वाटेत सांगेन. वाटेत ती पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होती. मी म्हणालो, फिकट रंग घे, उन्हानं विटत नाहीत.

मॅडमनी पावती बघितली. "छान. अर्ज?" शैलानं दिला. मॅडम मोठ्यानं वाचत वाचत कॉम्प्युटरवर नोंद करायला लागल्या.

"मी, खाली सही करणार, शैला तुकाराम बाबर, असे लिहून देते की, सन दोन हजार नऊमध्ये माझे थोरले बंधू श्री. दिनकर तुकाराम बाबर यांनी..."

त्या थांबल्या. माझ्याकडं बघितलं, मग पुढचं मनात वाचलं. कीबोर्डवरचे हात खाली घेतले.

"थांबलात का मॅडम?" शैला म्हणाली. "अक्षर लागत नाही का? आमच्या दादाचं अक्षर तर..."

"ताई, तुम्ही हे वाचलंय ना?"

"दादानं लिहिलंय."

"तुम्ही वाचा," मॅडम म्हणाल्या आणि कागद तिच्यापुढं सरकवला. मग उगीचच उठल्या आणि पाणी आणायला गेल्या. बाई भली होती.

शैलानं पर्स उघडली, चष्मा काढला. माझ्या कागदासाठी तिनं चष्मा लावलेला मी पहिल्यांदा बघत होतो. ओळीवर बोट ठेवून ती वाचायला लागली. ओठ हलत होते. 'सदर अर्जावर माझी सही मजकूर न सांगता घेतली' इथं बोट जरा थबकलं. 'थकबाकीच्या नोटिसा मला दाखविल्या नाहीत' इथं पुन्हा. खाली स्वतःच्या सहीपर्यंत गेली आणि परत वर येऊन पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. ते दुसरं वाचन मला सहन होत नव्हतं. मी टेबलाखाली माझ्या चपलांकडं बघत राहिलो.

"ही सही कधी घेतलीस?" तिनं विचारलं. "फोनची."

"तू आमच्याकडं राहायला आलीस त्या वर्षी. कामावर निघाली होतीस."

"आणि काल?"

मला वाटलं ती अर्जाची तारीख विचारतेय. मग कळलं.

"काल पण तसंच," मी म्हणालो.

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं झालं असतं. चष्मा काढून डबीत ठेवला आणि म्हणाली, "वहिनी वाच म्हणत होती."

मॅडम पाणी घेऊन आल्या. शैलानं ग्लास संपवला आणि म्हणाली, "खरं आहे मॅडम, सगळं. पाठवा." मग ती बाहेर गेली. मी फाइल गोळा करून मागं गेलो. ती त्याच पायऱ्यांवर उभी होती, फोन कानाला. या वेळी स्पीकरवर नव्हता, पण दोन हातांवरून विलासचा आवाज ऐकू येत होता.

"विलास, शैला बोलतेय. परवा मी जे बोलले ते फोनचं, ते चुकलं माझं. तू नव्हतास."

तो काहीतरी म्हणाला.

"बाकीचं खरंच होतं. ते परत घेत नाही. फोनचं तेवढं परत घेते."

मग त्यानं जे विचारलं ते मला स्पष्ट ऐकू आलं. "मग कोण होतं?"

शैलानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघायला हवं होतं, पण मान वळेना.

"सापडलं नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी म्हणालो, "शैला..."

"मला लॅबला उशीर होतोय," ती म्हणाली. "रिक्षानं जाते." आणि माझ्या गाडीवर न बसता निघून गेली.

घाडगे मॅडमनी खरंच जीव तोडून प्रयत्न केला. हेड ऑफिसनं कळवलं, नोंद दुरुस्त झाल्यावर फाइल पुन्हा सादर करावी. एकतीस तारीख गेली. मी फ्लॅटच्या मालकाला जाऊन भेटलो, हात जोडले, दोन महिन्यांची मुदत मागितली. त्यानं दहा दिवस दिले. सिबिलवरची नोंद बदलली बावन्नाव्या दिवशी. तोवर तिथं दुसऱ्याच कुणाचे पडदे लागले होते. इसार त्यानं परत केला, तेवढा तो चांगला निघाला. तो आणून द्यायला मी तिच्या खोलीवर गेलो. तिनं नोटा मोजून घेतल्या. एरवी माझ्या हातचे पैसे ती मोजत नसे.

तोडलं नाही तिनं काही. भाऊबीजेला आली, ओवाळलं, प्रमिलाशी पहिल्यासारख्या गप्पा मारल्या. घरात कुणाला ती गोष्ट तिनं सांगितली नाही, आजवर नाही. पाहुण्यांत अजूनही कुणी म्हणतं, दिनकररावांचा अर्ज म्हणजे काम झालंच, तेव्हा शैला ताटाकडं बघून जेवत राहते. एकदा तिच्या मावससासूनं, म्हणजे विलासच्या मावशीनं, लग्नात गाठून विचारलं म्हणे, तुझं ते फोनचं प्रकरण काय होतं गं? शैलानं सांगितलं, कंपनीची चूक होती. हे मला प्रमिलाकडून कळलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दोन वर्षांनी तिनं कुपवाडच्या बाजूला एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. तळमजल्यावर. खिडकीबाहेर पिठाची गिरणी आहे. कर्जाचे सगळे कागद तिनं स्वतः केले. मला वास्तुशांतीचं बोलावणं आलं तेव्हाच कळलं की घर घेतलंय.

गेल्या वर्षी आई गेली. गावाकडं तिच्या नावावर थोडी जमीन आणि एक घर. आमच्याकडं अशा वेळी भाऊ बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात, आणि बहिणी देतात. मी तसलं काही केलं नव्हतं. दोघांची नावं सारख्या हिश्शानं लावायचा अर्ज तयार केला, चार पानांचा, आणि घेऊन तिच्या घरी गेलो.

तिनं चहा केला. गिरणी चालू होती, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"सही कुठं करायची?" तिनं विचारलं.

"शेवटच्या पानावर."

तिनं शेवटचं पान काढून बघितलं. खाली उजव्या कोपऱ्यात कोरं होतं.

"फुली नाही मारलीस?"

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. मग उठून कपाटावरचा चष्मा आणला, पदरानं पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. बोट ठेवून, ओठ हलवत. हिश्शाच्या ओळीवर तिचं बोट जास्त वेळ राहिलं. माझा चहा संपला. गिरणी बंद झाली, तेव्हा पान उलटल्याचा आवाज ऐकू यायला लागला. ती चौथ्या पानाच्या शेवटाला आली. मी पेनचं टोपण काढून तिच्यापुढं धरलं.

तिनं पेन घेतलं नाही. पानं सारखी केली आणि पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.